डाकचौकीचा ताळेबंद

ऑक्टोबर १८६० मध्ये रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी अमेरिकेच्या पश्चिमेकडील, आजच्या नेवाडा राज्यातले वाळवंट ओलांडत असताना सँड स्प्रिंग्ज नावाच्या एका डाकचौकीवर थांबला. मराठी वाचकाला हा गृहस्थ अगदीच परका वाटू नये. तरुणपणी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात होता, मराठीची परीक्षा उत्तीर्ण झाला होता आणि १८४७ साली पतेमारीत बसून मुंबईहून कोकण किनाऱ्याच्या कडेकडेने गोव्याला गेला होता. सँड स्प्रिंग्जला जे दिसले ते त्याने नाक मुरडतच लिहून ठेवले आहे. चौकीला छप्पर नव्हते, बसायला खुर्ची नव्हती. एका कोपऱ्यात धुमसणारा विस्तव, मळकट जमिनीच्या मधोमध एक टेबल, भिंतींमधून आरपार वाहणारा वारा आणि त्याच्याबरोबर आत येऊन साचलेली धूळ, एवढाच तिथला सरंजाम होता. पाणी इतके खारट आणि गंधकयुक्त होते की त्याने हातालासुद्धा फोड येत. चौकीवरचा एक माणूस घोडा अंगावर कोसळल्याने छाती चेपून जमिनीवर पडला होता आणि बहुधा मरणपंथाला लागला होता. बाकीचे निरुद्योगी माणसांसारखे रेंगाळत होते. बर्टनला त्यांचा तिटकारा आला. तो काही तासांचा पाहुणा होता आणि पाहुण्याचा तिटकारा नेहमीच स्वस्त असतो, हे त्याचे वर्णन वाचताना लक्षात ठेवावे.

ही चौकी पोनी एक्स्प्रेस या खासगी टपालसेवेच्या सुमारे १९० चौक्यांपैकी एक होती. ३ एप्रिल १८६० रोजी सुरू झालेली ही सेवा मिसूरी राज्यातील सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोपर्यंतचे सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर दहा दिवसांत कापत असे. दर पंधरा-वीस किलोमीटरवर घोडा बदलायचा आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरनंतर स्वार बदलायचा, अशी तिची रचना होती. टपाल खोगिरावर टाकलेल्या चामड्याच्या गवसणीत असे. तिला चार कप्पे होते आणि त्यांतल्या तीन कप्प्यांना कुलूप असे. थकलेल्या घोड्यावरून गवसणी उचलायची, ताज्या घोड्यावर टाकायची आणि दोन मिनिटांच्या आत स्वाराने पुढे निघायचे. अर्ध्या औंसाच्या पत्राला सुरुवातीचा दर पाच डॉलर होता. म्हणजे ही सेवा सामान्य माणसाच्या ख्यालीखुशालीसाठी नव्हतीच. ती वापरली बँकांनी, व्यापाऱ्यांनी, वृत्तपत्रांनी आणि सरकारने.

आता सँड स्प्रिंग्जच्या चौकीचा ताळेबंद मांडून पाहावा. तिथे पत्र टाकायला कोणी येत नव्हते आणि तिथे कोणाच्या नावाने पत्र येत नव्हते. चौकीवाल्याला आपल्या हातातून जाणाऱ्या टपालाचे कुलूप उघडण्याचाही अधिकार नव्हता. जमेच्या बाजूला शून्य आणि खर्चाच्या बाजूला घोडे, दाणावैरण, माणसांचे पगार, बाहेरून आणलेले धान्य आणि एका माणसाची चेपलेली छाती. एकेका चौकीचा स्वतंत्र हिशेब करणारा कोणीही व्यवहारी कारकून ही चौकी पहिल्याच महिन्यात बंद करण्याची शिफारस करता, आणि ती शिफारस अमलात आली असती तर सॅक्रामेंटोच्या कार्यालयात पाच डॉलर मोजणारा गिऱ्हाईकही उरला नसता. चौकीची मिळकत चौकीत नसते, ती साखळीच्या दोन टोकांना असते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे, आणि ते अमेरिकेच्या वाळवंटाविषयी नसून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील, तोट्यातली म्हणून गणल्या जाणाऱ्या गावोगावच्या शाखा टपाल कार्यालयांविषयी आहे.

पोनी एक्स्प्रेस का बुडाली, याचे लोकप्रिय उत्तर अपुरे आहे. २४ ऑक्टोबर १८६१ रोजी खंडाच्या दोन्ही टोकांना जोडणारी तार पूर्ण झाली आणि दोनच दिवसांनी घोडेस्वारांची सेवा बंद झाल्याचे जाहीर झाले, एवढे खरे आहे. पण तार येण्याच्या कितीतरी आधी तिचे मालक कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते. पाच डॉलरच्या दरानेही खर्च निघत नव्हता. सरकारी टपालाचा मोठा ठेका मिळेल, या आशेवर सारा डोलारा उभा होता. मालकांपैकी विल्यम रसेल याला डिसेंबर १८६० मध्ये अटक झाली, कारण त्याने कर्जासाठी तारण म्हणून वापरलेले रोखे सरकारने आदिवासी जमातींच्या निधीत ठेवलेले निघाले. ज्या पाय्यूट लोकांच्या मुलखातले झरे चौक्यांसाठी बळकावले गेले, त्यांच्याशी मे १८६० मध्ये लढाई पेटली, चौक्या जळाल्या, माणसे मारली गेली आणि सेवा काही आठवडे खंडित झाली. घोडेस्वारांच्या शौर्यकथांत या गोष्टींना सहसा जागा मिळत नाही. शेवटी मार्च १८६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने याच मध्यवर्ती मार्गावरील रोजच्या टपालासाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा ठेका दुसऱ्या कंपनीला दिला. तार आल्यावर घोडेस्वार गेले. पण पत्रांच्या थैल्या घोडागाड्यांतून सरकारच्या पैशाने त्याच मार्गावरून जातच राहिल्या. तारेने तातडीचा निरोप उचलला होता. तिला पत्र उचलता आले नव्हते आणि पार्सलही.

असेच एक वाळवंट मुंबईच्या टपालवाटेवरही होते. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी विलायतेचे टपाल अलेक्झांड्रियाला उतरून कैरोमार्गे सुएझला येई आणि तिथून आगबोटीने मुंबईला. कैरो ते सुएझ या सुमारे १३५ किलोमीटरच्या रखरखाटात घोडे बदलण्यासाठी आणि प्रवाशांना विसावा देण्यासाठी चौक्या होत्या, आणि त्यांना प्यायचे पाणीही नाईल नदीवरून उंटांच्या पाठीवर पोहोचवावे लागे. हा मार्ग रूढ करण्यासाठी आयुष्य वेचणारा थॉमस वॅगहॉर्न १८५० साली कर्जबाजारी अवस्थेत वारला. १८५८ मध्ये कैरो-सुएझ रेल्वे पूर्ण झाली आणि या चौक्यांचे काम संपले. त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळावेत, असे मला वाटत नाही. आगगाडीने तेच टपाल, त्याच दोन गावांच्या दरम्यान, अधिक वेगाने नेले. साखळीतला एक दुवा काढून त्याच जागी दुसरा, अधिक भक्कम दुवा बसवला गेला. चौकी बंद करण्याचे रास्त कारण हेच असते, आणि या कसोटीला मी पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे हा हिशेब १८५४ सालीच सुटला होता. त्याआधी पत्राचा दर अंतरावर ठरत असे आणि दूरच्या गावाला पत्र पाठवणे ही चैन होती. डलहौसीच्या काळात झालेल्या १८५४ च्या टपाल कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर आला. मुंबईतल्या मुंबईत जाणारे पत्र आणि मुंबईहून मालवणला जाणारे पत्र यांना एकाच किमतीचे तिकीट लागू लागले. याचा सरळ अर्थ असा की शहरातल्या पत्राने दूरच्या पत्राचा भार उचलायचा. कोकणच्या बाबतीत हा भार लहान नव्हता. उघडिपीच्या महिन्यांत किनाऱ्यावरच्या बंदरांना आगबोटी टपाल देत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बंदरे बंद होत आणि थैली पुन्हा घुंगुरकाठी घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या खांद्यावर येई. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन अशा एकामागून एक खाड्या त्याच्या वाटेत आडव्या. तरीवर होडी लागली नाही तर थैली अलीकडच्या काठावर थांबे.

विसाव्या शतकात या साखळीवर कोकणचे सारे अर्थकारण लोंबकळले. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि गिरणगावात गेलेल्या चाकरमान्याचा पगार गावच्या चुलीपर्यंत पोहोचवण्याचा रस्ता तयार झाला. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी जेमतेम दोन बोटे जागा असे. तेवढ्यात पाठवलेल्या पैशांतले किती वाण्याचे, किती शाळेच्या फीचे आणि किती गणपतीसाठी बाजूला ठेवायचे, हे बसवलेले असे. पोस्टमन नोटा मोजून दिल्यावर तो मजकूर वाचून दाखवी आणि अंगठ्याला शाई लावून साक्षीदाराच्या सहीसह पावती घेई. आता या व्यवहाराचा हिशेब पाहावा. मनीऑर्डरचे कमिशन, जे पुढे दर २० रुपयांमागे १ रुपया झाले, ते परळच्या किंवा लालबागच्या खिडकीवर भरले जाई. पायपीट, चिखल, वाचून दाखवणे आणि जोखमीची रोकड सांभाळणे हे सगळे गुहागर, देवगड, मंडणगड तालुक्यांतल्या वाड्यांवर होई. मिळकत मुंबईच्या खात्यात दिसे, खर्च कोकणच्या. ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हणून रत्नागिरीची कुचेष्टा करणाऱ्यांनी ती मनीऑर्डर पोहोचवणाऱ्याचा हिशेब कधी केल्याचे मला तरी आठवत नाही.

आज देशात दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतील सुमारे नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. नवे शाखा कार्यालय उघडताना लावायचे जे निकष रूढ आहेत, त्यांत सर्वसाधारण ग्रामीण भागात अपेक्षित मिळकत खर्चाच्या निदान एक तृतीयांश असावी, आणि डोंगराळ, आदिवासी, वाळवंटी व दुर्गम भागात ती १५ टक्के असली तरी चालेल, अशी तरतूद आहे. लोकसंख्येची अटही तशीच सैल केलेली आहे. जवळच्या टपाल कार्यालयापासूनचे अंतर मात्र साधारणपणे तीन किलोमीटर तरी असावे लागते. हे निकष मुळात उदार आहेत आणि तोटा होणार हे त्यांत प्रामाणिकपणे गृहीत धरले आहे, याचे श्रेय दिले पाहिजे. पण त्या यादीत डोंगर आहे, वाळवंट आहे, खाडी नाही. दाभोळच्या धक्क्यावरून पलीकडचे धोपावे स्पष्ट दिसते आणि फेरीबोट चालू असेल तर पाऊण तासही लागत नाही. ती बंद असेल तर चिपळूणचा वळसा पडतो आणि दिवस मोडतो. जयगड आणि तवसाळ यांचेही असेच. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्याला ही गावे शेजारची वाटतात. नेवाडात वाळूमुळे जे दुर्गमपण येते ते कोकणात पाण्यामुळे येते, आणि ते पाणी जूनपासून पुढे चार महिने नुसते खाडीत राहत नाही, रस्त्यावरही येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा राष्ट्रीय महामार्गही दुर्गम ठरला होता.

विरुद्ध बाजू दुबळी आहे, असे भासवण्याचे कारण नाही. पत्रे कोणी लिहीत नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पैसे मोबाइलवरून सेकंदात जातात. डेन्मार्कसारख्या देशाच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबवले. १८९८ च्या कायद्यात पत्रांवर सरकारची मक्तेदारी होती. जून २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या टपाल कायद्यात ते कलम उरलेले नाही. मग गावात चार-पाच तास उघडणाऱ्या, दिवसाला मूठभर व्यवहार करणाऱ्या खोलीवर करदात्याने पैसे का घालावेत, हा प्रश्न उद्धट नाही. त्याचे उत्तर भावनेने देऊ नये. लहानपणी आपण पोस्टमनची वाट कशी पाहत असू, यावर लिहिलेल्या लेखांनी एकही शाखा वाचणार नाही.

उत्तर कैरो-सुएझच्या कसोटीत आहे. जुना दुवा काढायचा असेल तर नवा दुवा त्याच ठिकाणापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहावे. पैशांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी पोहोचला आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या बाईंच्या बोटांचे ठसे भातलावणीने झिजून यंत्राला उमटत नाहीत, ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांचे निवृत्तिवेतन आजही टपाल खात्याच्या बँकेचा माणूस घरी येऊन देऊ शकतो. तालुक्याच्या बँकेची रांग आणि परतीची चुकलेली एसटी हा त्याला पर्याय नाही. वस्तूच्या बाबतीत तर नवा दुवा गावाबाहेरच थांबतो. खासगी कुरिअरचा मुलगा तालुक्याच्या गावातून फोन करतो आणि ‘येऊन घेऊन जा’ म्हणतो. पारपत्र, बँकेचे कार्ड, न्यायालयाची नोटीस, जमिनीच्या मोजणीचे पत्र, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे ही कागदपत्रे आजही दारात सही घेऊनच द्यावी लागतात. पोस्टमनला वाडीतले कोणते घर बंद आहे, त्या घरातला कोण मुंबईला कुठे असतो आणि एकाच आडनावाच्या सात कुटुंबांतला नेमका मनोहर कोणता, हे ठाऊक असते. घरक्रमांक नसलेल्या मुलखात ही माहिती हीच पत्ता असते.

डेन्मार्कचा दाखला इथे तोकडा पडतो, कारण तिथे पत्रवाटपाचे काम दुसऱ्या खासगी कंपनीने उचलले आणि सरकारी पत्रव्यवहार बहुतांशी आधीच संगणकावर गेला होता. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकल्यावर दापोली-मंडणगडपर्यंतच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे मुके होते. नव्या दुव्यावर सगळे ओझे टाकण्याआधी तो त्या आठवड्यात काय करत होता, हे आठवावे. अर्थात, हा आरोप शाखा कार्यालयालाही लागू पडतो. तिथल्या हातातल्या यंत्रालाही नेटवर्क लागते, आणि ‘लिंक नाही’ हे उत्तर ऐकून परतलेल्या माणसाला माझा हा सारा युक्तिवाद पोकळ वाटला तर तो त्याचा दोष नाही. नेटवर्क नसताना व्यवहार नोंदवून ठेवण्याची आणि जोडणी आल्यावर तो पुढे पाठवण्याची सोय प्रत्येक यंत्रात नीट चालली पाहिजे. ती नसेल तर आपण दुवा राखत नाही, फक्त पाटी राखतो.

आणि दुवा राखणाऱ्या माणसाचे काय? शाखा टपाल कार्यालय चालवणारा ग्रामीण डाक सेवक खात्याचा पूर्ण कर्मचारी मानला जात नाही. त्याला वेळेच्या हिशेबाने भत्ता मिळतो आणि कार्यालयासाठी गावात जागा त्यानेच उपलब्ध करून द्यायची असते. बहुतेक ठिकाणी ही जागा म्हणजे त्याच्या किंवा तिच्या घराची पडवी असते. चिऱ्याच्या भिंतीला लाल पेटी, आत एक टेबल, तारखेचा शिक्का, लोखंडी पेटी, आणि आषाढात थैलीवर गुंडाळायला ठेवलेला प्लास्टिकचा कागद. सकाळची एसटी थैली टाकते आणि दुपारची उचलते. गाडी रद्द झाली तर पोस्टमास्तर बाई दुचाकीवर नाहीतर दुसऱ्या कोणाच्या रिक्षात थैली घालून पुढच्या कार्यालयाला नेतात. खात्याला ही सेवा इतकी स्वस्त पडते याचे मोठे कारण असे की तिच्या खर्चाचा एक हिस्सा या घरांनी मुकाट्याने उचललेला आहे. सँड स्प्रिंग्जच्या जमिनीवर छाती चेपून पडलेला तो माणूसही कोणत्या खात्यावर टाकला गेला नसावा.

म्हणून शाखेचे मोजमाप करायचे असेल तर तिथे विकलेल्या तिकिटांपेक्षा तिथे पोहोचवलेल्या टपालाला अधिक वजन दिले पाहिजे. मुंबईत भरलेल्या स्पीड पोस्टच्या शुल्कातला वाटपाचा न्याय्य हिस्सा देवगडच्या खात्यावर लागला, तर ‘तोट्यातली शाखा’ म्हणून जिची गणना होते तिचे चित्र बरेच वेगळे दिसेल. तरीही तूट राहील. ती तूट पूर्वी मक्तेदारीच्या आडून भरली जात असे. आता मक्तेदारी उरली नाही, तेव्हा ती अंदाजपत्रकात उघडपणे, नाव घेऊन भरावी. रस्ता आणि प्राथमिक शाळा यांच्याकडून कोणी नफा मागत नाही, मग टपालाकडूनच तो का मागावा, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले माझ्या वाचनात नाही.

प्रत्येक शाखा जशी आहे तशी टिकवावी, असे माझे म्हणणे नाही. ज्या दोन गावांमध्ये बारमाही रस्ता आहे, अंतर चालण्याजोगे आहे आणि दोन्हीकडची वस्ती मुंबई-पुण्याला गेल्याने निम्मी घरे बंद आहेत, तिथे दोन कार्यालयांचे एक करण्याला माझी हरकत नाही. उलट वाचलेल्या पैशातून उरलेल्या एका कार्यालयाला भाड्याची पक्की खोली आणि पूर्ण वेळाचा माणूस द्यावा. मात्र अशी पाहणी मे महिन्यात, आंबे खायला आलेल्या साहेबाच्या सोयीने होऊ नये. ती जुलैत व्हावी, अंतर चालत्या रस्त्याने मोजावे आणि खाडी मध्ये असेल तर फेरी बंद धरून मोजावे. विलीनीकरणाचा विषय निघाला की ग्रामसभेने निवेदने आणि सह्यांच्या मोहिमा यांच्या आधी तीन आकडे लेखी मागावेत: गेल्या बारा महिन्यांत या कार्यालयातून सहीने देण्याचे किती टपाल वाटले गेले, त्यांतले किती न पोहोचता परत गेले, आणि घरपोच किती निवृत्तिवेतने दिली गेली. ही माहिती कार्यालयाच्या नोंदींत रोजच्या रोज पडत असते, ती मिळवायला नवी समिती लागत नाही, आणि अधिकारी ती द्यायला टाळाटाळ करू लागले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच शाखेतून स्पीड पोस्टाने पाठवता येतो.